पूर्वेचा उत्साह, पश्चिमेची शंका

(दोघेही पार्ल्याचे. उत्साही रुळांच्या पूर्वेला राहतो, हिंदू आहे, व्याख्यानमालांवर वाढलेला. शंकेखोर पश्चिमेच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन कॅथलिक. नावं देत नाही. दोघांची मतं पार्ल्यात पुष्कळांची आहेत.)

उत्साही : पार्ल्यात वक्त्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तर इथे छावणीच पडली होती. दुष्काळ आहे तो ऐकणाऱ्यांचा. आज माणूस राजकीय सभेला जातो तो आपल्या बाजूच्या टाळ्या मोजायला, आणि टीव्हीवरची चर्चा बघतो ती समोरच्याची कशी जिरली ते बघायला. अशा वेळी मला तुमच्या लोकांकडून अपेक्षा वाटते, कारण तुमच्याकडे ऐकण्याची रीत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सिनॉडची, म्हणजे चर्चच्या विचारविनिमय सभेची, प्रक्रिया सुरू केली, ती २०२४ पर्यंत चालली. जगभर धर्मग्रामांच्या पातळीपासून साध्या माणसांना विचारलं गेलं. रोमच्या सभागृहात गोल टेबलांभोवती कार्डिनल आणि बायका शेजारी शेजारी बसल्या. आणि पद्धत कशी? एकाने ठरलेल्या वेळात बोलायचं, मध्ये कोणी तोडायचं नाही. मग थोडा वेळ सगळे गप्प. दुसऱ्या फेरीत स्वतःचं म्हणणं पुन्हा रेटायचं नाही, दुसऱ्याचं ऐकून आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. ही पद्धत आपल्या वॉर्डातल्या एका सभेत वापरून बघा. नगरसेवकाला घाम फुटेल. मुंबईत काही चर्चच्या हॉलमध्ये निवडणुकीआधी सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एका मंचावर बसवून प्रश्न विचारतात, हेही मला ठाऊक आहे. माझी तक्रार एवढीच की हे सगळं हॉलच्या दारातच थांबतं.

शंकेखोर : तुम्ही बाहेरून बघता म्हणून तुम्हाला ती शांतता दिसते. आतून मला दिसतं की विषय कोण ठरवतं. सिनॉडमध्ये ऐकून घेतलं, खरं आहे. पण प्रश्नावली वरून आली, गोषवारा वर गेला आणि निर्णयही वरच राहिला. दर रविवारी फादर दहा-बारा मिनिटं बोलतात आणि आमच्यातला कोणीही हात वर करून 'फादर, हे मला पटत नाही' असं म्हणत नाही. मिस्सा ही वादाची जागा नाही, मान्य. पण जो समाज आठवड्यातून एकदा शिस्तीत गप्प बसायला शिकतो, त्याला तुम्ही वादविवादाचे मास्तर म्हणून बोलावताय. आणि आम्ही बाहेर तोंड उघडतो ते केव्हा? २०१७ मध्ये पालिकेने बांद्र्याच्या बाजार रोडवरचा जुना क्रूस पाडला, आम्ही बोललो. २०२५ च्या जूनमध्ये धर्मांतर करणाऱ्यांना चोप देणाऱ्यांसाठी एका आमदाराने सांगलीकडच्या सभेत इनाम जाहीर केल्याच्या बातम्या आल्या, जुलैत आम्ही आझाद मैदानावर जमलो. जमायलाच हवं होतं. पण क्रूस आणि मैदान यांच्या मधल्या वर्षांत आम्ही काय करत होतो? निवेदनं लिहीत होतो. खाली सह्या, वर 'महोदय'. आमची राजकीय भाषा ही अर्जाची भाषा आहे. अर्ज सभ्यच असतो, कारण तो फेटाळण्याचा अधिकार समोरच्याकडे असतो. त्या सभ्यतेला तुम्ही वादाचा दर्जा म्हणता, म्हणून माझा जीव घाबरतो.

उत्साही : अर्जाला इतकं हिणवू नका. विधिमंडळातला प्रश्नसुद्धा एका अर्थी अर्जच असतो. आणि इतिहास तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध आहे. काका बाप्टिस्टा बघा. माझगावचे, तुमच्याच समाजाचे. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तिचे पहिले अध्यक्ष ते. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी राहिली त्यात ते होते, १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. घटना समितीत फादर जेरोम डिसोझा नावाचे जेझुइट होते, आणि तिथे ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला. म्हणजे संरक्षण सोडून युक्तिवादावर भिस्त ठेवली. मराठीत तर रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई...

शंकेखोर : थांबा. रेव्हरंड टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, प्रॉटेस्टंट. पंडिता रमाबाईंनाही आमच्या खात्यात घालू नका, त्याही नव्हत्या. पार्ल्यातल्या शिकल्यासवरल्या माणसालाही 'ख्रिश्चन' हे एकच खातं दिसतं. ज्याला समोरच्यातले भेद ठाऊक नाहीत त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे आधी अर्धा तास शिकवणी घ्यायची. ती फी आम्ही भरतो, तुम्ही नाही. असो.

बाप्टिस्टा मला प्रिय आहेत. पण शंभर वर्षं आम्ही एकाच माणसाचं नाव घेतोय, हाच माझा पुरावा समजा. आणि त्यांच्या आधीचं ऐका. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली. आम्ही हे नाव का घेतलं? गोवा आणि मंगळूरहून आलेले कॅथलिक सरकारी नोकऱ्या मिळवत होते. आम्ही इथलेच, कंपनीचे जुने चाकर, आम्हाला आधी घ्या, असं सरकारला सांगायचं होतं. भूमिपुत्रांना प्राधान्य हा मुद्दा शिवसेनेने १९६६ मध्ये शोधला असं तुम्हाला वाटत असेल. मुंबईत तो आम्ही जवळजवळ ऐंशी वर्षं आधी मांडला होता, तोही आमच्याच धर्माच्या माणसांविरुद्ध, तोही अर्ज करून! तेव्हा कॅथलिक आला की वाद उंचावतो, हे तुमचं गृहीत मला मुळातच मान्य नाही. आम्हीही नोकरी, जमीन आणि मान यांसाठी भांडणारी माणसं आहोत.

जॉर्ज फर्नांडिसांचं नाव तुम्ही घेणारच, म्हणून मीच घेते. ते सेमिनरीतून बाहेर पडले. १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, तेव्हा कॅथलिक म्हणून पाडलं नाही, कामगारांचा पुढारी म्हणून पाडलं. १९९९ मध्ये ओरिसात मिशनरी ग्रॅहम स्टेन्सना मुलांसकट जाळलं, तेव्हा ते केंद्रात मंत्री होते आणि सरकारच्या बाजूने बोलले. ते चूक की बरोबर हा प्रश्न वेगळा. पण आमच्यातला सर्वांत मोठा वादपटू आमचा प्रवक्ता कधीच नव्हता.

उत्साही : नको असलेली नावं तुम्ही वगळत गेलात, तर फादर दिब्रिटोंचं काय करणार?

शंकेखोर : ते मात्र खरे. त्यांच्यापुढे मला माझी शंका आवरती घ्यावी लागते. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, मराठीत. वसईचं पाणी, वसईची हिरवी जमीन, बिल्डर आणि गुंडगिरी यांवर ते लिहीत होते, रस्त्यावर उतरत होते. हरित वसईच्या चळवळीत हिंदू-ख्रिस्ती एकत्र आले. पण त्यांना बोलण्याचा हक्क कशाने मिळाला ते बघा. पाण्याने मिळाला. विहिरी खाऱ्या होतील ही भीती सामवेदी ब्राह्मणाची आणि सामवेदी ख्रिस्त्याची एकच होती. त्यांनी बायबलचं मराठी केलं म्हणून वसईने त्यांचं राजकारणातलं ऐकलं असं नव्हे. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध कशावरून झाला? लेखनावरून नाही, पाद्री असण्यावरून. म्हणजे वसईकर म्हणून बोला, आम्ही ऐकतो. पाद्री म्हणून आलात तर आधी तुमचा हेतू तपासतो. हा सौदा तुमच्या बाजूच्या लोकांनी ठरवलाय.

उत्साही : पण ते पाद्री नसते तर ते पाण्यासाठी उभे राहिले असते का? धर्म त्यांच्या बोलण्यात दिसत नव्हता, धाडसात होता. मला तेच हवंय. पोप फ्रान्सिस यांचं २०२० चं 'फ्रातेल्ली तुत्ती' नावाचं परिपत्र मी वाचलं. त्यात एक प्रकरण राजकारणावर आहे आणि एक संवादावर. सर्वांचं भलं हा विचार तुमच्याकडे नुसता उपदेश म्हणून येत नाही. राज्यसंस्था, मजुरी, मालमत्ता, युद्ध यांवर पिढ्यान् पिढ्या घासून घेतलेली शिकवण त्यामागे आहे. आमच्या बाजूला असं काही बांधीव नाही. आणि तुमचा समाज स्वतःशीही वाद घालू शकतो, हे घटस्फोटाच्या कायद्यात दिसलं. १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात हा भेदभाव मोडला, २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. ज्या चर्चला घटस्फोट मान्य नाही, त्या समाजात हे घडलं. श्रद्धा आपल्या जागी, कायदा आपल्या जागी. याहून प्रगल्भ वाद कोणता?

शंकेखोर : १८६९ ते २००१. एकशे बत्तीस वर्षं. प्रगल्भता जरा सावकाश आली म्हणायची. आणि ती कोणी आणली? कोर्टाची पायरी चढलेल्या बायकांनी. आमच्या हॉलमध्ये या विषयावर मोकळा वाद झाला असता, तर एखाद्या बाईला स्वतःच्या संसाराची लक्तरं न्यायाधीशांपुढे मांडावी लागली नसती. उलट काही वर्षांनी चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्द ठरवला की दिवाणी कायद्यानेही तो मानावा, अशी मागणी घेऊन मंगळूरकडचे आमचे एक ज्येष्ठ वकील सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१७ मध्ये ती फेटाळली गेली. ही मागणी काय होती? आम्हाला वेगळं ठेवा. वाद घाला, असं नव्हे.

(इथे लेखक म्हणून मला राहवत नाही. उत्साहीला उत्तर देता आलं असतं की कोर्टात जाणं हासुद्धा वादच आहे, आणि कधी कधी सगळ्यांत स्वच्छ वाद तिथेच होतो. त्याने ते दिलं नाही. कारण त्याच्या मनात पार्ल्याचाच खटला आला असावा.)

उत्साही : कोर्टाचं म्हणाल तर पार्ल्याला तरी ते परकं नाही. १९८७ ची पोटनिवडणूक.

शंकेखोर : बोला. मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

उत्साही : शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचाराच्या सभांमध्ये बाळासाहेब ठाकरे बोलले. हरलेले काँग्रेसचे प्रभाकर कुंटे कोर्टात गेले, धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून. १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. सहा वर्षं ठाकरेंना मतदान करता आलं नाही, उभंही राहता आलं नाही. गंमत अशी की त्याच निकालात न्यायमूर्ती वर्मांनी हिंदुत्व म्हणजे निव्वळ धर्म असं धरता येत नाही, ती जीवनपद्धतीही असू शकते, असं म्हटलं. लोकांच्या लक्षात तेवढं एक वाक्य राहिलं. निवडणूक रद्द झाली होती, हे पार्ल्यातही पुष्कळांना ठाऊक नाही.

शंकेखोर : आणि त्या भाषणांत मुसलमानांचा अवमान होता, असं कोर्टाने नोंदवलं, तेही लक्षात राहिलं नाही. आता माझा प्रश्न. त्या सभा आपल्या मैदानांवर झाल्या. तुमच्या व्याख्यानमालांचं पार्लं, गीतारहस्यावर चर्चा करणारं पार्लं, तेव्हा काय म्हणालं? आणि माझं गावठाण? आमच्यावर निशाणा नव्हता, म्हणून आम्ही श्वास सोडला. पुढच्या रविवारी मिस्सेत शांतीसाठी प्रार्थना झाली असेल, एवढंच. पार्ल्याचा हा सगळ्यांत मोठा वाद पार्ल्यात झालाच नाही. दोन वकिलांनी फोर्टात केला. कॅथलिकांमुळे वादाचा दर्जा सुधारेल म्हणता, तर ती परीक्षा तेव्हा होती. दुसऱ्याच्या अपमानावर बोलण्याची. आम्ही नापास झालो. तुमच्याबरोबरच.

उत्साही : हे मला नाकारता येत नाही. पण त्या निकालांची दुसरी बाजूही बघा. तुमच्या बोलण्यावर कायद्याची मर्यादाही आहे. शेजारच्या सांताक्रूझमधून १९९० मध्ये अभिराम सिंह निवडून आले, तो खटला फिरत फिरत सात न्यायाधीशांपुढे गेला. २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असा निकाल लागला : उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही मतांसाठी पुढे करता येणार नाही. म्हणजे उद्या कोणी 'कॅथलिकांनो, कॅथलिक म्हणून मत द्या' असं म्हणू लागला, तर त्याची निवड रद्द होऊ शकते. २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप कूटो यांनी देशातलं वातावरण अस्वस्थ आहे, प्रार्थना आणि उपास करा, असं पत्र काढलं, त्यावर केवढं वादळ झालं! मला वाटतं, कॅथलिकाने धर्म घरी ठेवून, त्यातून आलेला विवेक तेवढा बाहेर आणावा.

शंकेखोर : बहुमत वाचलंत, तीन न्यायाधीशांचं अल्पमत वाचलंत का? न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी ते लिहिलं. ज्यांच्यावर जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे अन्याय झाला, त्यांना त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलू दिलं नाही तर लोकशाही कोरडी कल्पना होऊन बसेल, असा त्याचा सूर आहे. माझा सगळा जीव त्या अल्पमतात आहे. तुम्ही मला म्हणता, धर्म घरी ठेव. तुम्हाला तो घरी ठेवता येतो, कारण रस्त्यावर तो आधीच आहे. पार्ल्याच्या चौकाचौकांत, मंडळांच्या मंडपांत, शाळांच्या नावांत. तुमचा धर्म म्हणजे संस्कृती, माझा म्हणजे हेतू. मी फक्त 'नागरिक' म्हणून बोलले, तर मला नेमकं काय दुखतंय ते सांगता येत नाही. कॅथलिक म्हणून बोलले, तर दुखण्याच्या आधी निष्ठेचा दाखला मागतात.

आणि तरीही, इथे मी माझ्याच विरुद्ध बोलते, आमचं दुखणंही आम्ही कॅथलिक म्हणून फार लवकर बंदिस्त करतो. गावठाणाचं बघा. विमानतळ, सीप्झ, एमआयडीसी यांसाठी आमच्या गावांच्या जमिनी गेल्या. कोंडिविट्याच्या जुन्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या कुंपणात आहेत, वर्षातून एकदा मिस्सेसाठी आत सोडतात. २०१५ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला आणि चुकांच्या गदारोळात मागे घ्यावा लागला, तेव्हाही गावठाणांच्या हद्दींवरून आम्ही ओरडलो. पण कोळीवाड्याची तीच ओरड होती. आम्ही किती कोळीवाड्यांत गेलो?

उत्साही : मग तेच म्हणतोय मी! आपल्याकडे फनेल झोन आहे. विमानं डोक्यावरून उतरतात म्हणून उंचीवर बंधन, उंचीवर बंधन म्हणून पुनर्विकास अडलेला. पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांतल्या म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत, लिफ्ट नाही. तुमच्या गावठाणातल्या घरांचं छप्परही गळतं. हा प्रश्न ना हिंदू, ना ख्रिस्ती. एक सभा घेऊ. तुमची पद्धत : प्रत्येकाला तीन मिनिटं, मग शांतता, मग ऐकलेल्यावर बोलणं. सेवा संघात घेऊ.

शंकेखोर : फनेल झोनवर मी येईन. ते सोपं आहे; तिथे आपलं दोघांचं छप्पर गळतं. तुम्ही शहाणपणाने असा विषय निवडलात की मी कॅथलिक आहे याने काहीच फरक पडणार नाही, आणि मग म्हणाल, बघा, कॅथलिकांनी वादाचा दर्जा वाढवला. नाही. दुसरी सभाही ठरवा. विषय धर्मांतराचा कायदा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धर्म सांगण्याचा हक्क म्हणजे धर्मांतर करवण्याचा हक्क नव्हे. त्या खटल्याला स्टॅनिस्लॉस नावाच्या एका फादरचंच नाव आहे. मी म्हणेन, तो निकाल अपुरा होता. आणि मी हे मराठीत म्हणेन, सेवा संघात नाही, इर्ल्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चर्चजवळ. तुम्ही येऊन तीन मिनिटं मध्ये न बोलता ऐकाल?

उत्साही : येईन. पण शांततेनंतरच्या फेरीत मी मऊ बोलणार नाही. आमिषाने झालेल्या धर्मांतरांबद्दल विचारीन. सहासष्टीत पोर्तुगिजांच्या दोनशे वर्षांत काय झालं, तेही विचारीन. तुमच्याकडे ऐकण्याची रीत आहे असं मी म्हटलंय, तर ती माझ्यावरही लागू व्हावी आणि तुमच्यावरही.

शंकेखोर : विचाराच. पोर्तुगिजांबद्दल मला तुमच्याहून जास्त सांगता येईल, आमच्या घरातली नावंच तिथून आलीत. तुमच्या प्रश्नांची मला भीती नाही. भीती आहे ती माझ्या मागच्या बाकावरच्यांची. ते मला कोपर मारून म्हणतील, कशाला विषय काढलास, उद्या आपल्यालाच त्रास होईल, फादरना विचारलंस का? त्यांना गप्प करायला तुमची तीन मिनिटांची पद्धत चालणार नाही.

उत्साही : आणि माझ्या बाजूचे म्हणतील, तू चर्चमध्ये कशाला गेलास?

शंकेखोर : मग तारीख ठरवू नका इतक्यात. आधी तुमच्या बाजूचे किती येतात ते विचारून या, मी माझ्या बाजूला विचारते. फनेल झोनची तारीख मात्र आजच घ्या, पावसाळ्याआधीची.